जोडीचा रकाना

"मॅडम, जोडी गेली," सिस्टर जाधव फोनवर म्हणाल्या.

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं. डायलिसिस सेंटरमधून सोमवारी सकाळी फोन यावा आणि पलीकडून पहिल्याच वाक्यात 'गेली' ऐकू यावं, म्हणजे दुसरं काय वाटणार?

"तसं कोणी गेलं नाही हो. जोडीचा रकाना गेला. स्क्रीनवर दिसतच नाहीये. भोईरकाका दुपारच्या शिफ्टला पडलेत आणि साळवीकाका सकाळच्या. असं कसं चालेल? ते दोघं एका रिक्षेने येतात."

मी कॉम्प्युटर उघडून बघितलं. रकाना खरंच नव्हता.

मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत सपोर्टचं काम बघते. ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, घर डोंबिवलीत. सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं वेगळी. ती लिहून मोकळी होतात, आणि ते कुठे अडलं की लोकांची बोलणी खायला आम्ही. इतकी वर्षं खाल्ली, आता पचतात. पण ही जोडीची गोष्ट अजून पचलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी थोडं समजावून सांगते. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करावं लागतं. अंगात साचलेलं जादा पाणीही तेच मशीन काढतं. हे डायलिसिस. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, हातात सुया घालून पडून राहायचं. एकदा चुकवलं तर पाणी साचतं, दोनदा चुकवलं तर धाप लागते, आणि त्याच्या पुढचं मी लिहीत नाही. म्हणजे हे पेशंट बरे होऊन घरी जाणारे नसतात. ते वर्षानुवर्षं येतच राहतात. एखाद्या ऑफिसात जावं तसे येतात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, शेजारी ठरलेला माणूस.

कल्याणचं हे सेंटर एका ट्रस्टचं. तिथे कोणता पेशंट कोणत्या शिफ्टला आणि कोणत्या मशीनवर, हे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरायचं. जुन्या व्हर्जनमध्ये पेशंटच्या पानावर खाली एक छोटा रकाना होता, 'लिंक्ड पेशंट' नावाचा. फार पूर्वी कुठल्याशा सेंटरला एक नवराबायको दोघंही डायलिसिसवर होते. त्यांना एकाच वेळी बोलवता यावं म्हणून आमच्या एका प्रोग्रामरने तो बनवून दिला होता. त्यात दुसऱ्या पेशंटचं नाव घातलं की सॉफ्टवेअर दोघांना कायम एका शिफ्टला, शेजारशेजारच्या मशीनवर ठेवायचं. कल्याणच्या सिस्टर लोकांनी त्याला जोडी म्हणायला सुरुवात केली, आणि नवराबायको नसलेल्यांच्याही जोड्या लावल्या. एका गल्लीतून येणारे, दोघांत मिळून एकच बाई सोबतीला आणणारे, एकमेकांशिवाय करमत नाही असे. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

भोईर-साळवी ही त्यातली जुनी जोडी. भोईरकाका मोहन्याचे, मूळचे तिथलेच आगरी. त्यांच्या पुतण्याची रिक्षा आहे. तो काकांना घेऊन निघायचा, वाटेत शहाडला साळवीकाकांच्या चाळीपाशी थांबायचा. साळवीकाका मूळचे चिपळूणकडचे. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. बायको वारलेली, मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. डायबेटिसने त्यांची नजर जवळजवळ गेलेली. भोईरकाका उतरायचे, त्यांना हाताला धरून रिक्षात बसवायचे, सेंटरला उतरवायचे, मशीनपर्यंत न्यायचे. मग दोघं शेजारशेजारी पडायचे आणि साळवीकाकांची टकळी सुरू व्हायची.

टकळी कसली, तर कॅरमची. तरुणपणी ते कारखान्यांच्या स्पर्धा खेळायचे. त्यातली एक फायनल त्यांनी भोईरकाकांना किती वेळा सांगितली असेल देव जाणे. भोईरकाकांनी आयुष्यात स्ट्रायकर हातात धरलेला नाही, पण त्या फायनलवर ते वाद घालायचे.

मी बुधवारी सेंटरला गेले. खरं तर असे प्रश्न फोनवरच सोडवायचे असतात. पण फोनवर जे सुचत होतं ते सगळं करून झालं होतं. नुकतंच अपडेट झालेलं नवं सॉफ्टवेअर दर आठवड्याला सगळ्यांच्या वेळा स्वतः लावत होतं. हे अपडेटचं मोठं काम होतं. सगळ्या मशीनला सारखं काम पडावं, नव्या पेशंटला लवकर जागा मिळावी. हेतू वाईट नव्हता, आणि नव्या पेशंटना पुढे जागा लवकर मिळायला लागली, हेही खरं. फक्त सिस्टरने स्क्रीनवर हाताने साळवीकाकांना दुपारी टाकलं की सॉफ्टवेअर जागेचा हिशेब करून भोईरकाकांना सकाळी न्यायचं. लहान मुलांच्या लपाछपीसारखं चाललं होतं ते.

बाहेरच्या बाकावर भोईरकाका बसलेले दिसले. त्यांची शिफ्ट दुपारची होती.

"काका, तुम्ही आत्ता?"

"त्याला कोन आननार? माजा पुतन्या दोन फेऱ्या कशा मारंल, त्याचा धंदा हाय ना. मंग मीच आलो संगती. आता बसतो हितंच दुपारपरत." मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून म्हणाले, "तू त्या कंपुटरवाली ना? काय केलंस गं बाय यो? आमची जोडी कनाला फोडलीस?"

"मी नाही फोडली काका."

"मंग कोनी?"

आमच्या सपोर्टच्या लोकांना अपडेटबरोबर जे पत्रक येतं त्यात एवढंच होतं की वापरात नसलेले काही रकाने काढले आहेत. कुठले, ते लिहिलेलं नव्हतं. मी तेच त्यांना सांगितलं.

"वापरात नाय?" भोईरकाका हसले. "आमी दोगं काय हवा खायाला येत व्हतो?"

मी आत गेले. साळवीकाका पार टोकाच्या मशीनवर, दाराजवळ होते. शेजारच्या बेडवरचा माणूस कानात इअरफोन घालून मोबाइलवर काहीतरी बघत होता. साळवीकाकांना ते दिसत नव्हतं. ते त्याला सांगत होते, "तर बोर्डावर माझी एक सोंगटी राहिलेली, आणि क्वीन, आणि समोरच्याच्या दोन..." तो माणूस मधेच हसला, मोबाइलमधलं काहीतरी बघून. काकांना वाटलं आपल्याला दाद मिळाली. ते आणखी रंगात आले. मला ते बघवलं नाही.

सिस्टर जाधवनी मला बाजूला घेतलं. त्या साताऱ्याच्या, बोलणं एकदम सडेतोड.

"मॅडम, रिक्षाचं एक झालं. त्याहून मोठं सांगते. डायलिसिस चालू असताना बीपी उतरतं, माहीत आहे ना? अंगातलं पाणी निघत असतं, त्यामुळे उतरतं. आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाने बघतो. पण साळवीकाकांचं मधेच, एकदम उतरतं. त्यांना चक्कर येते, घाम येतो, पण ते सांगत नाहीत. फक्त गप होतात. बोलता बोलता गप. भोईरकाकांना ते लगेच कळतं. ते ओरडतात, सिस्टर, यो गप झाला. आणि आम्ही धावतो. इतक्या वर्षांत एकदाही त्यांची हाक फुकट गेलेली नाही."

"आणि आता?"

"आता शेजारी कोण असेल ते दर आठवड्याला सॉफ्टवेअर ठरवणार. मॅडम, मी एक करू का? यादीत राहू दे काय ते. पेशंट आले की मी हाताने जागा बदलते. भोईरकाकांना सकाळी घेते, दुसऱ्या कोणाला तरी विनंती करून दुपारी टाकते."

"नको सिस्टर."

"का नको?"

का नको ते सांगणं भाग होतं. प्रत्येक मशीन आमच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं आहे. त्या मशीनवर आज कोण आहे हे सॉफ्टवेअर यादीवरून समजतं, चेहरा बघून नाही. पेशंटचं किती पाणी काढायचं तो आकडा मशीनसमोरच्या स्क्रीनवर त्याच यादीतून येतो. बीपीच्या नोंदी त्याच नावाखाली जातात. यादीत एक आणि बेडवर दुसरा असं झालं, आणि घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही, तर एकाचं पाणी दुसऱ्याच्या हिशेबाने निघेल. हे मी उगाच घाबरवायला सांगत नव्हते. असं होऊ शकतं, आणि झालं तर माणूस हातचा जातो.

सिस्टरना पटलं होतं, म्हणूनच जास्त राग आला होता. "बरं," त्या म्हणाल्या. "मग तुम्हीच करा काहीतरी."

आज कोणी मला परत विचारलं तरी मी 'नको'च म्हणेन. ते बरोबरच होतं. पण बरोबर बोलून झाल्यावरही माणसाला चैन पडत नाही, हे त्या दिवशी कळलं.

ऑफिसला आल्यावर मी निनादकडे गेले. निनाद आमचा प्रॉडक्ट मॅनेजर. सॉफ्टवेअरमध्ये काय ठेवायचं, काय काढायचं, हे तो ठरवतो. माझ्याहून बराच लहान, पण हुशार, आणि मनाने चांगला. त्याला व्हिलन करायची माझी इच्छा नाही. तो व्हिलन असता तर मला सोपं गेलं असतं.

"गायकवाड मॅडम, हे बघा," त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर डॅशबोर्ड होता, म्हणजे कोणतं बटण किती वेळा दाबलं जातं याचे रंगीत तक्ते. "लिंक्ड पेशंट. सगळ्या सेंटर्स मिळून वर्षभरात क्लिक्स जवळजवळ नाहीतच. डेड फीचर आहे हे. असे रकाने राहिले की कोड जड होतो, बग येतात."

"अरे, ते एकदा लावलं की परत लावावं लागत नाही. क्लिक कुठून दिसणार?"

"पण युसेज..."

"निनाद, तुझ्या घराच्या दाराला बिजागरी आहे. तिला तू शेवटचा हात कधी लावलास?"

तो हसला. "कधीच नाही."

"मग काढून टाकतोस का?"

तो हसायचा थांबला. एवढं मात्र त्याचं कौतुक करते, की मुद्दा त्याला लगेच कळला. त्याने तक्ता परत बघितला. कल्याणच्या सेंटरमध्ये तो रकाना कितीतरी पेशंटच्या पानांवर भरलेला होता. मोजणाऱ्याने रकाना भरलेला आहे का हे बघितलंच नव्हतं, कोणी हात लावतं का एवढंच बघितलं होतं.

"चूक झाली," तो म्हणाला. "परत टाकूया."

"कधी?"

"रोलबॅक तर होणार नाही." रोलबॅक म्हणजे जुन्या व्हर्जनवर परत जाणं. "सरकारी योजनेचे नवे रिपोर्ट या व्हर्जनमध्येच आहेत. ते बंद झाले तर सेंटर्सना पेशंट फुकट घेता येणार नाहीत. पुढच्या रिलीजला टाकतो. प्रॉमिस."

पुढचं रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती. ती यायला वेळ लागतो, कारण नवी वेळापत्रकाची पद्धत आणि जुना रकाना एकमेकांत बसवायचे होते. मग टेस्टिंग. मध्ये एका मोठ्या हॉस्पिटलचं तातडीचं काम आलं आणि सगळी मुलं तिकडे लागली. मी दर आठवड्याला विचारायचे. निनाद म्हणायचा, "लिस्टवर आहे मॅडम." खोटं नव्हतं ते. लिस्टवर होतंच.

इकडे कल्याणला दिवस थांबले नव्हते. भोईरकाका काही दिवस तसेच सकाळी येत राहिले, साळवींना सोडायला. मग दुपारपर्यंत बाकावर, मग चार तास मशीनवर. किडनीच्या माणसाने असं करायचं नसतं. एके दिवशी बाकावरून उठताना ते कोलमडले. काही लागलं नाही, पण सिस्टर जाधवनी त्यांना सरळ सांगितलं, उद्यापासून सकाळी यायचं नाही. डॉक्टरांनीही तंबी दिली.

साळवीकाकांच्या मुलाने ठाण्याहून मोबाइलवर टॅक्सी बुक करायला सुरुवात केली. ड्रायव्हर चाळीच्या तोंडाशी थांबून फोन करायचा, गाडी पांढरी आहे, समोर या. ज्याला समोरचं दिसत नाही त्याला हे सांगायचं. एकदोनदा शेजारच्यांनी आणून बसवलं. पण शेजारीही कामाला जाणारे. साळवीकाका भिडस्त माणूस. रोज रोज कोणाला सांगायचं म्हणून ते मुलाला फोनवर सांगायला लागले, गेलो होतो, आलो, सगळं ठीक. सेंटरच्या काउंटरवरून फोन गेला की सांगायचे, आज जरा बरं वाटत नाही, परवा येतो, आणि तिथे तेवढीच नोंद व्हायची. जुनी जोडी असती तर हे चाललंच नसतं. भोईरकाकांनी दारात उभं राहून आरडाओरडा केला असता. आता भोईरकाका दुपारी यायचे तेव्हा साळवी सकाळी येऊन गेला असेल असंच त्यांना वाटायचं. फोनवर साळवीकाका त्यांनाही तेच सांगायचे, कारण खरं सांगितलं असतं तर भोईर परत सकाळी बाकावर येऊन बसले असते.

दोघं एकमेकांना जपत होते, आणि त्यातच घात झाला.

सिस्टरचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "साळवीकाकांना ॲडमिट केलंय. छातीत पाणी. शेजाऱ्यांनी आणलं."

मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. सपोर्टवाल्या बाईने पेशंटला भेटायला जायची काही गरज नसते. पण गेले. ऑक्सिजन लावलेला होता, तरी काका शुद्धीवर होते. मी नाव सांगितलं.

"हां, सॉफ्टवेअरच्या ताई," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "बसा. तुमच्या त्या मशीनला दोष देऊ नका हं. त्याने मला बोलावलं होतं वेळच्या वेळी. मीच गेलो नाही."

"काका, भोईरकाकांना तरी सांगायचं होतंत."

"त्याला सांगितलं असतं तर तो आला असता. त्याच्या अंगात तरी कुठे जीव आहे?" मग म्हणाले, "रागावलाय का हो तो माझ्यावर?"

"खूप."

"असू दे. रागावू दे."

मुलगा पलंगाच्या पायाशी उभा होता. डोळे जागरणाने लाल झाले होते. तो मला बाहेर घेऊन गेला. मला वाटलं आता भांडेल. भांडला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

"मॅडम, मी बाबांना ठाण्याला घेऊन जातोय," तो म्हणाला. "घराजवळ एक सेंटर आहे, तिथे जागा मिळालीय. मी नाहीतर बायको, कोणीतरी सोडेल."

"थोडे दिवस थांबता का? तो रकाना परत येतोय. दोघांना एकत्र..."

"कधी येतोय?"

"तारीख अजून ठरलेली नाही."

"तुम्ही माझ्या जागी असतात तर थांबला असतात?" त्याने विचारलं. आवाज चढवला नव्हता.

मी नसते थांबले. तसंच सांगितलं त्याला. त्याने मान हलवली आणि औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला.

साळवीकाका बरे झाले, ठाण्याला गेले. सेंटरने त्यांचं नाव आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रान्सफर' करून बंद केलं. आणि त्यानंतर काही आठवड्यांनी रकाना परत आला.

आला तो थाटात आला. आता त्याचं नाव 'पेशंट पेअरिंग' होतं. वरती, ठळक, निळ्या रंगात. सगळ्या सेंटर्सना मेल गेला, नवं फीचर म्हणून. आधी काय होतं याचा त्यात उल्लेख नव्हता. निनादने मात्र एक केलं. यापुढे कोणताही रकाना काढायचा असेल तर आधी सेंटर्सना फोन करून विचारायचं, नुसता तक्ता बघायचा नाही, असा नियम केला. मीटिंगमध्ये त्याने तो सांगितला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. नियम चांगला आहे. फक्त तो कोणामुळे झाला हे ज्याला माहीत असायला हवं तो माणूस ठाण्यात होता.

नवा रकाना शिकवायला मी कल्याणला गेले. सिस्टर जाधव एकेक जुनी जोडी परत लावत होत्या. काही लागल्या, काही नाही. कोणी मधल्या काळात दुसरी वेळ धरली होती, कोणाला आता तीच सोयीची वाटत होती. भोईरकाकांचं पान उघडलं. शेजारी रिकामी चौकट.

काका मशीनवरच होते. मला बघून त्यांनी हाक मारली. "आला ना तुमचा रकाना? मंग टाक त्याचा नाव."

"काका, ते आता इथल्या यादीत नाहीत. ठाण्याच्या सेंटरला आहेत. दुसऱ्या सेंटरचं नाव यात घेता येत नाही."

"येत नाय?"

"नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग येळ तरी त्याची टाक. तो तिकरं दुपारी असतो, सोम, बुध, शुक्र. मना पन कायम दुपारचीच ठेव, हलवू नको. फोनवर बोलतो आमी. त्याच्या सूनबाईनं शिकवलंय त्याला मशीनवर एका हातानं फोन उचलायला."

ते मला करता आलं. वेळ पक्की करून ठेवायची सोय या रकान्याबरोबरच नव्याने आली होती. मी केली. सिस्टरनी साळवीकाकांना फोन लावून मोबाइल त्यांच्या उशीपाशी ठेवला, स्पीकर चालू केला. ज्या हातात सुया असतात तो हलवायचा नसतो, म्हणून फोन हातात धरता येत नाही.

साळवीकाकांचा आवाज आला. अशक्त होता, पण रंगात होता. तीच फायनल चालली होती. "तर क्वीन घेतली मी. आता कव्हर करायची. सोंगटी पार बेसलाइनला चिकटलेली. हॉल गप्प. मी स्ट्रायकर ठेवला, आणि..."

आवाज थांबला.

भोईरकाकांची मान वळली. "साल्वी?" काही नाही. "साल्वी! अरं ए साल्वी!" मग घसा ताणून, "सिस्टर! यो गप झाला!"

सिस्टर जाधव औषधांच्या कपाटापाशी होत्या. हातातलं टाकून त्या धावल्या आणि सवयीने थेट शेजारच्या बेडपाशी गेल्या. तिथे दुसराच कोणी झोपला होता. त्याने दचकून डोळे उघडले. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी उगाचच त्या माणसाची चादर नीट केली.

फोनमधून खरखर आली. "हॅलो? अरे, इथल्या नर्सबाई आल्या होत्या, बीपी बघायला. म्हणाल्या बोलू नका. हॅलो, भोईर?"

"हाय हाय. मंग? स्ट्रायकर ठेवला तं पुढं काय झाला?" भोईरकाका म्हणाले. डोळे मिटले होते त्यांनी.

साळवीकाका पुढे सांगत राहिले. भोईरकाकांनी माझ्याकडे मान वळवली आणि फोनमध्ये जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "बाय, बाजूला व्हता तवा तोंड बघून कलायचा. आता यो गप झाला का मना कलत नाय, रेंज गेली का बीपी गेला. यावर काय हाय का तुमच्या कंपनीकरं?"

मी नाही म्हटलं.

बाहेर रिक्षाची वाट बघत उभी होते तेव्हा निनादचा मेसेज आला. कल्याणला पेअरिंग नीट चालतंय ना? मी लिहिलं, हो, चालतंय. ते खरंच होतं.